टाकीवरचा शेंदूर

"दिवस बुडायच्या आत ही बया मपल्या घरात दिसली नाय पाहिजे! आन् तिच्या बापाची ती गाडीबी नको!"

सरुबाई ओट्यावर उभी राहून ओरडत होती. नवऱ्याच्या तेराव्याचं जेवण आदल्याच दिवशी उरकलं होतं. मांडवाचे बांबू अजून अंगणात आडवे पडले होते, उष्ट्या पत्रावळींवर कुत्री भांडत होती, आणि बाईचा आवाज असा काही लागला होता की आळीतल्या बाया हातातलं काम टाकून कुडाशी येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्याच्या घरची सून रडताना बघायला कुणाला आमंत्रण लागत नाही.

सून, म्हणजे छबू, चुलीपुढं बसली होती. तव्यावरची भाकरी करपत होती तरी उलटायचं तिला सुचत नव्हतं.

"आत्याबाई, पण मी काय केलं ओ?" ती आतूनच म्हणाली.

"काय केलं! ऐका गं बायांनो, काय केलं म्हणती! सासरा खाल्ला आन् वरून विचारती! आगं, तू मागं बसली का गाडी मरती. एवढ्या लोखंडाला तुव्हा पायगुण कळला, आन् आम्हाला कळायला माणूस जावा लागला!"

यादव खाटेवर बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. सरुबाईचा हा एकुलता एक पोरगा. खताची गोणी एका खांद्यावर घेऊन बांध चढणारा गडी, पण आईनं आवाज चढवला की याची जीभ टाळ्याला चिकटायची.

"यादव्या, ऐकू आलं का?"

"आलं."

"तिला सोड तिच्या बापाच्या दारात. गाडी तिढंच ठेव, आन् तू यष्टीनं ये माघारी."

"बरं."

बरं म्हणाला! ज्या बायकोच्या हातचं खाऊन हा एवढा फुगला, तिच्याबद्दल या माणसाला 'बरं' एवढंच सुचलं. छबूनं करपलेली भाकरी खाली काढली, चुलीतलं लाकूड बाहेर ओढून विझवलं आणि गाठोडं बांधायला घेतलं.

आता ही गाडीची भानगड आधी सांगितली पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, मोटारसायकल बंद पडली तर त्यात सुनेचा काय संबंध?

तेव्हा नव्व्याण्णव साल चालू होतं. दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागा वाढत होत्या, ज्याच्या त्याच्या अंगणात गाडी येत होती. यादवनं लग्न ठरताना मोटारसायकल मागितली. छबूचा बाप पुंजा राहायचा खिंडीपलीकडच्या गावात. त्यानं काही कुरकुर केली नाही. दावणीची बैलजोडी बाजारात नेली, आणि काळी कुळकुळीत नवी गाडी लग्नाच्या मांडवात आणून उभी केली. वर सगळ्यांना सांगत सुटला, "पुंजा वाईट वस्तू देत नसतो बरं का!"

वर्षभर गाडी मजेत चालली. मग चैत्रात सरुबाई वणीच्या गडावर जाऊन आली आणि येताना देवीच्या पायथ्याचा शेंदूर पुडीत बांधून घेऊन आली. गाडी बैलांच्या बदली आलेली, तेव्हा तिचं कोडकौतुकही बैलासारखंच झालं पाहिजे, असा तिचा हिशोब. हँडल म्हणजे शिंगं, दिवा म्हणजे डोळे, आणि टाकीचं झाकण म्हणजे तोंड.

"जिथून खाती-पिती तिथं देवी राखणीला बसवली पाहिजे," ती म्हणायची. दर मंगळवारी शेंदूर तेलात कालवायची आणि झाकणावर थापायची. देवीचा शेंदूर कधी पुसायचा नसतो, थरावर थर चढवत जायचं असतं, हे तर गडावर प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलेलं. दिवाळीपर्यंत त्या झाकणावर बोटभर जाडीचं लाल कवच झालं. गाव येता-जाता गाडीला हात जोडायचं. यादवलाही बरं वाटायचं.

आणि हे थर चढायला लागल्यापासूनच गाडीला खोड लागली. घरून बागेत, बागेतून फाट्यावर, काही तक्रार नाही. पण छबूला मागं बसवून माहेरी नाहीतर दिंडोरीला निघालं, की खिंडीच्या चढावर गाडी आधी दम खायची, मग दोन आचके द्यायची आणि बंद. कितीही किका मारा, ढिम्म. बरंच थांबलं की आपोआप सुरू व्हायची, आणि थोडं पुढं जाऊन परत बसायची.

गावात झुंबर नावाचा मिस्त्री होता, लिंबाखाली गॅरेज टाकून बसलेला. गाडी त्याच्याकडं नेली की तो आधी किल्ली लावून झाकण उघडायचा, आत पेट्रोल बघायचा, बोटाला लागलेला शेंदूर स्वतःच्या कपाळाला लावायचा आणि किक मारायचा. गाडी पहिल्या किकला सुरू!

"काय झालंय हिला?" झुंबर म्हणायचा. "मपल्यापाशी तर झकास चालती. प्लग बदलतो पाहिजे तर." त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, वायरी तपासल्या. झाकण काही धुतलं नाही. देवीचं होतं ते, त्याला कोण रॉकेल लावणार?

मग कुणीतरी बोललंच. "यादव एकटा असला का नाय पडत बंद. बाई बसली का पडती." झालं. सरुबाईला तेवढंच हवं होतं. यादव एकटा जातो तो जवळ जातो आणि बाई बसते तेव्हा लांबचा चढाचा रस्ता असतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एकदा तर यादव एकटाच दिंडोरीला निघाला आणि तरी गाडी खिंडीत बसली. तेव्हा सरुबाई म्हणाली, "सकाळी निघताना हिचं तोंड पाहून गेला असशील." आता यावर काय बोलणार तुम्ही?

सासरा जयराम मात्र भला माणूस. त्या घरात छबूशी नीट बोलणारा तो एकटाच होता. "पोरी" म्हणायचा. बायकोला म्हणायचा, "आगं, यंत्र हाय ते. यंत्राला काय कळतं कोण बसलंय?" पण त्याचं ऐकतो कोण?

दिवाळीनंतर आभाळ आलं. बागा फुलोऱ्यात आणि हवा कोंदट, धुकट. असल्या हवेत एक दिवस फवारणी चुकली तर घड हातचे जातात. जयराम सकाळ-संध्याकाळ पाठीवर पंप घेऊन औषध मारत होता. तोंडाला फडकं बांध म्हटलं तर म्हणायचा, "मी काय नवा हाय का औषधाला?" तिसऱ्या प्रहरी तो वेलीखाली आडवा झाला. तोंडाला फेस, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या.

यादवनं गाडी काढली. मध्ये जयराम, मागं त्याला कवेत धरून छबू. पदर सासऱ्याच्या पोटाभोवतून घेऊन तिनं गाठ मारली. गाडी निघणार तेवढ्यात सरुबाई वाटी घेऊन धावत आली.

"थांब! देवीचं लावू दे! तिचा हात असला का काय व्हत नाय!" तिनं वाटीतला सगळा शेंदूर झाकणावर थापला, वरून तेल ओतलं, आणि तळव्यानं चांगला दाबून बसवला.

खिंडीत गाडी बसली. यादवनं किका मारमारून नडगी रक्तबंबाळ केली. छबू रस्त्याच्या कडेला सासऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "पोरी, पाणी," एवढंच तो म्हणत होता, मग तेही म्हणेना. टोमॅटोचा टेम्पो आला, टेम्पोवाल्यांनी क्रेट उतरवून जागा केली. दिंडोरीच्या डॉक्टरनं पापणी उचलून पाहिली आणि म्हणाला, "थोडं आधी आणायला पाहिजे होतं."

थोडं आधी!

तर अशी ही सगळी भानगड. आणि आता तीच गाडी, तोच रस्ता. छबू गाठोडं मांडीवर घेऊन मागं बसली. सरुबाईनं आज शेंदूर लावला नाही, पण आधीचा होताच, वाळून घट्ट झालेला.

वाटेत दुतर्फा बागा, त्यात फवारणीचा वास. छबूनं पदर नाकाला लावला. ती मनातल्या मनात गाडीला विनवत होती: आज तरी नको थांबू गं बाई, आज एकदा मला वर ने. वर नेऊन तरी कुठं जायचं होतं? पण माणूस विनवतंच.

खिंडीचा चढ लागला. गाडीनं दम खाल्ला, दोन आचके दिले आणि बसली.

"बघ!" यादव उतरून ओरडला. "बघितलं का? आई काय खोटं बोलती?"

"अहो, मी काय करू त्याला?"

"तू काय नको करू. तू फक्त बस!"

त्यानं किका मारल्या. प्लग काढून ठिणगी पाहिली, ठिणगी होती. टाकी हलवली, आत पेट्रोल डुचमळत होतं. मग झुंबरनं शिकवलं होतं तसं त्यानं पान्यानं कार्बोरेटरच्या बुडाचा स्क्रू ढिला केला. तिथून पेट्रोलची धार लागायला हवी. चार थेंब पडले आणि बंद.

"टाकीत पेट्रोल हाय, आन् खाली येईना! हे काय भुताटकी हाय का काय!" त्यानं पाना दगडावर आपटला, शिवी हासडली आणि हात धुवायला खाली नाल्याकडं उतरला.

छबू गाडीजवळ एकटी उरली. जिथं सासऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं तो दगडही तिथंच होता. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग गाडीचा. तू बोलत का नाय, म्हणून तिनं टाकीवर एक चापट मारली.

आणि ती थबकली. टाकीत हाय, पण खाली येत नाय. हे तिनं कुठंतरी पाहिलं होतं. कुठं? स्वयंपाकघरात! गोड्या तेलाचा पत्र्याचा मोठा डबा आणला की त्याला खिळ्यानं एक भोक पाडलं तर तेल येत नाही. थोडं सांडतं आणि अडून बसतं. दुसऱ्या कोपऱ्याला आणखी एक भोक पाडलं की मग सरळ धार लागते. एक तेलाला, एक वाऱ्याला. नवी नवरी असताना जयरामनंच तिला हे दाखवलं होतं, ती डबा उलटा धरून हलवत बसली होती तेव्हा.

मग या टाकीला वारा कुठून येतो?

तिनं झाकणाकडं पाहिलं. शेंदूरच शेंदूर. किल्ली गाडीलाच होती. ती काढून तिनं झाकणाला लावली, जोर करून फिरवली. झाकण सुटताना टाकीनं वारा ओढला, फुस्स करून. आणि खाली, ढिल्या स्क्रूतून, पेट्रोलची धार लागली.

छबूनं झाकण परत दाबून लावलं. धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. झाकण उघडलं, धार लागली. तिनं साडीची पिन काढली आणि झाकणावरचा शेंदूर खरवडायला लागली. लाल खपल्या पडत गेल्या, नखं भरली, आणि मधोमध एक बारीकसं भोक निघालं. वाऱ्यासाठी ठेवलेलं.

यादव वर आला तो ओरडतच. "काय करू राहिली तू? देवीचं खरवडू राहिली?"

"अहो, ओरडू नका, आधी बघा इकडं." तिनं झाकण बसवलं, भोकावर बोट दाबून धरलं. "बघा, धार थांबली. आता बोट काढते. बघा. आली का? वाराच नव्हता आत जात. शेंदरानं भोक बुजलं व्हतं ओ! मपला पायगुण नव्हता, काय नव्हतं!"

ती हसत होती आणि रडत होती. एवढा आनंद तिला लग्नातसुद्धा झाला नसेल. यादवनं तिचं बोट बाजूला करून स्वतःचं ठेवलं. काढलं. परत ठेवलं. मग त्यानं स्क्रू घट्ट केला, प्लग बसवला, किक मारली. एका किकेत गाडी सुरू.

"चला," छबू म्हणाली, "चला घरी. आत्याबाईला दावू. झुंबरभाऊला दावू. सगळ्या गावाला दावू."

यादवनं गाडी बंद केली आणि तो त्याच दगडावर बसला. त्याचा चेहरा उतरत चालला होता. छबूला वाटलं, माणूस शरमला. तिला त्याची दयासुद्धा आली.

"त्या दिवशी," यादव म्हणाला, "आईनं वाटीभर थापला व्हता. दाबून दाबून."

"मी तसं काय म्हणले नाय," ती हळूच म्हणाली.

"तू नाय म्हणली. पण गाव म्हणंल. हे सांगितलं का उद्या सगळी म्हणतील, सरुबाईनं नवरा मारला. आईच्या कानावर गेलं तर ती हिरीत उडी घेईल."

"आन् मला म्हणतात ते? मी सासरा खाल्ला म्हणतात ते?"

"तुला बाप हाय. तू जाशील त्याच्याकडं." तो तिच्याकडं न बघताच बोलत होता. "आईला कोण हाय?"

"अहो, पण तुम्हाला आता खरं ठाव हाय!"

"ठाव हाय म्हणूनच म्हणतो. बस गाडीवर."

"मी पाया पडते तुमच्या. मी नाय सांगत कुणाला. शेंदूर तेवढा वाटेत पुसत जा तुम्ही, मी तोंड उघडणार नाय. पण मला घरी घेऊन चला."

"आज नाय सांगायची. उद्या आईनं शिवी दिली का सांगशील. मी नाय का ओळखत? बस म्हणतो ना!"

छबू बसली. काय करणार? गाडीनं चढ घेतला. छबू मागं बसलेली असताना खिंडीच्या माथ्यावरून गाडी कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच न थांबता गेली. पलीकडचा उतार, फाटा, वणीचा रस्ता, कुठं आचका नाही, अडखळणं नाही. ती गाडी तिनंच सुरू केली होती, आणि तीच गाडी तिला सुसाट माहेरी आणून टाकत होती.

पुंजा दारात दोरी वळत बसला होता. दावण रिकामीच, पण दोरी वळायची सवय सुटली नव्हती. पोरीकडं बघायच्या आधी त्यानं गाडीकडं बघितलं.

"या जावईबापू. उन्हं उतरल्यावर आलात. परत बसली का काय खिंडीत?"

"बसली व्हती," यादव म्हणाला.

"आन् आता?"

"आता काय नाय. गाडीत काय खोट नाय."

पुंजाचा चेहरा उजळला. गेले काही महिने लोक त्याला टोमणे मारत होते, बैल विकून भंगार दिलं म्हणून. तो उठून गाडीभोवती फिरला, टाकीवरून हात फिरवला. "मी सांगत नव्हतो? पुंजा वाईट वस्तू देत नसतो! बसा, च्या घ्या."

"च्या नको. ही राहू द्या इथं." यादवनं गाठोडं ओट्यावर ठेवलं.

"किती दिस?"

यादव गाडीकडं वळला. गाडी तिथंच ठेवायची असं आईनं सांगितलं होतं, पण आता चांगली गाडी कोण ठेवतो? तो गाडीवर बसला, किक मारली आणि गाडी वळवली. छबूकडं त्यानं शेवटपर्यंत पाहिलं नाही. गल्लीच्या वळणावर पुसटसा दिसला आणि गेला.

"काय केलं गं तू?" पुंजानं विचारलं.

"गाडी सुरू केली, आबा."

"नीट सांग!"

मग छबूनं नीट सांगितलं. तेलाचा डबा, झाकण, भोक, सगळं. आत्याबाईनं वाटी आणली तेही. लाल भरलेली नखं बापापुढं धरली. पुंजा ऐकता ऐकता मागं सरकला. त्यानं गडाच्या दिशेनं हात जोडले.

"गप! देवीच्या शेंदरानं माणूस मरतो व्हय? काय बोलती तू? तुला पाप लागंल, आन् मलाबी लागंल!"

"आबा, मी डोळ्यांनी पाहिलं."

"गप म्हणतो ना!"

लांब, खिंडीकडून गाडीचा आवाज येत होता. सांजेची हवा पडली होती, आवाज स्वच्छ ऐकू येत होता. गाडी चढाला लागली तसा तो जड झाला. छबू ओट्याच्या कडेला उभी राहून कान देऊन ऐकू लागली. थांब, ती मनात म्हणाली. आज एकदा थांब. कुणी मागं बसलेलं नाय, तरी थांब. म्हणजे मग त्याला सांगता यायचं नाही, की हिला सोडली आणि गाडी आपोआप नीट झाली. म्हणजे आत्याबाईला कुडाशी बाया जमवून दाखवता यायचं नाही. थांब गं माझे आई, एवढं एकदा थांब.

गाडीनं चढ घेतला. माथ्यावर तिचा आवाज मोकळा झाला, पलीकडं उतरला आणि ऐकू येईनासा झाला.

पुंजाही ऐकत होता. हातातली दोरी त्यानं खाली ठेवली, पोरीकडं नवलानं पाहिलं, आणि म्हणाला, "खरंच गं छबे. तू उतरली, आन् कशी गेली बघ गाडी."